बालवाडीत ओनिगिरी करायची तर उकडे तांदूळ नकोत

ओनिगिरी म्हणजे जपानी डब्यातला भाताचा मुटका. गोव्यात घरोघरी असणारे उकडे तांदूळ इथे चालत नाहीत. उकडताना दाण्यातला स्टार्च घट्ट बसतो, मग भात मोकळा होतो आणि मुलांच्या हातात मुटका फुटतो. इंद्रायणी घ्या. 200 ग्रॅम तांदूळ एकदाच धुवा, दुप्पट पाण्यात शिजवा, पेज काढू नका. साधारण 10-12 छोटे मुटके होतात.

वेळ सांभाळणे सगळ्यात महत्त्वाचे. गरम भात मुलांचे हात भाजतो, गार झालेला चिकटत नाही. परातीत पसरून ओले फडके झाका आणि कोमट झाल्यावरच द्या.

चार-पाच वर्षांच्या मुलांना तळव्यावर वळणे अवघड जाते. त्यांच्यासाठी ओली वाटी बरी: दोन चमचे भात घाला, वर दुसरी वाटी उपडी धरा आणि दहा-बारा वेळा हलवा, गोळा आपोआप होतो. मग मिठाच्या पाण्याने हात ओले करून हलकेच दाबायचे. जोरात दाबला तर दगड होतो!

मुटक्यावर लावायची नोरी म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली पातळ पट्टी. तिचे पाकीट अगदी शेवटी उघडा, पावसाळ्यात ती मिनिटांत मऊ पडते. अख्खी पट्टी तोंडात टाळूला चिकटते, म्हणून कात्रीने बारीक कापा. सुंगटे-कुर्ल्यांची (कोळंबी-खेकड्यांची) ॲलर्जी असलेल्या मुलांना नोरी देण्याआधी पाकिटावरची सूचना वाचा.

मुटके तासाभरात संपवा. इथल्या उकाड्यात ते दुपारपर्यंत ठेवू नका, घरी तर मुळीच पाठवू नका.