पेडल स्टीलचे पेडल आपल्या पायाला बसवून घ्या
पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची, पायाच्या पेडलने तारांचा सूर बदलणारी गिटार. आधी ज्या बुटांत वाजवणार तेच घाला, नाशिकच्या उन्हाळ्यात घरी अनवाणी सेट केलं आणि कार्यक्रमाला बूट चढवले की सगळा अंदाज चुकतो. टाच जमिनीवर ठेवून बघा, गुडघा उचलला जाऊन गुडघ्याने ढकलायच्या लिव्हरला लागत असेल तर पेडल उंच आहे, मग पेडलला गिटारशी जोडणाऱ्या रॉडचा नट सैल करून रॉड जरासा लांब करा, एकेक आटा फिरवत, घाई नको. एमन्स सेटअपमध्ये (डावीकडून ए, बी, सी असा पेडलांचा क्रम) ए-बी पेडल सारख्या उंचीवर ठेवा, ई९ ट्युनिंगला दोन्ही एकदम दाबले की ई मेजर कॉर्डचा ए मेजर होतो आणि घोटा डावीकडे कलंडवला की बी सुटून फक्त ए दाबलेलं राहतं. खरी मेहनत या कलंडवण्यातच आहे, रोज १० मिनिटं तेवढंच करा, अगदी हळू. रॉडचे आटे गेलेच तर सातपूर-अंबडच्या लेथवाल्यांना जुना रॉड दाखवून विचारा.