तापीकाठ ते सातपुडा: किड्यांच्या जाती कशा मोजायच्या

मी चोपड्याला विज्ञान शिकवतो. तालुक्याच्या दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा आणि मधे कापूस-केळीची काळी जमीन. मोटारसायकलवर एका सकाळीत तीन तऱ्हेच्या जागांमधले किडे बघून होतात. खान्देशातल्या प्रत्येक पोरानं एकदा तरी हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी एक पक्कं ठरवा: नुसती डोकी नव्हे, जाती मोजायच्या. कपाशीच्या पानामागे मावा शेकड्यानं असतो, पण जात एकच. त्याच शेताच्या बांधावरची रुई बघा. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, तर हात न लावता थांबा. ती पान खाण्याआधी पानाची शीर कुरतडते, चीक बाहेर वाहू देते आणि मग पुढचा भाग खाते. शेजारी पिवळा मावा, त्याला खाणारे ढालकिडे, फुलावर भुंगे. एका रुईवर एवढं गाव नांदतं, म्हणून बांध जाळून साफ करू नका, असं मी पालकांना सांगत असतो.

जागा तीन घ्या: नदीकाठचा ओला पट्टा, कपाशी किंवा केळी, आणि उनपदेवच्या बाजूचं साग-अंजनाचं रान. रानात वनखात्याला विचारूनच जायचं आणि फक्त फोटो काढायचे. प्रत्येक जागी शंभर पावलं आणि अर्धा तास, ना कमी ना जास्त. फांदीखाली उलटी छत्री धरून काठीनं दोन टोले द्या. पानांत दडलेलं सगळं छत्रीत पडतं. जमिनीवरच्यांसाठी प्लास्टिकचा ग्लास काठोकाठ मातीत पुरा, सकाळी बघून सोडून द्या. शेतातला कामगंध सापळा यासाठी चालत नाही, त्यात मादीच्या वासाला भुलून ठरावीक जातीचे नरच येतात. नाव माहीत नसलं तर फोटो काढा आणि ‘जात क’ लिहा.

थर्मामीटर विसरू नका. किड्यांच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर चालते. वैशाखात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी कोरडवाहू रान ओसाड वाटतं, पण ठिबकवरच्या केळीत सावली नि ओल असल्यानं हालचाल सुरूच असते. तिन्ही जागा एकाच वेळेला जमत नसतील, तर आज जिथून सुरुवात केली ती जागा पुढच्या खेपेला शेवटी घ्या. नाहीतर तुम्ही जागांची नव्हे, सकाळ-दुपारची तुलना कराल.

आता हिशेब. प्रत्येक किड्यामागे त्याच्या जातीचं नाव लिहून एक चिठ्ठी करा, जागेनुसार तीन डबे भरा. डोळे मिटून दोन चिठ्ठ्या काढा, परत टाका, पुन्हा काढा. दोन्ही वेगवेगळ्या जातींच्या जितक्या जास्त वेळा निघतील, तितकी त्या जागेची विविधता जास्त. कपाशीच्या डब्यातून ‘मावा, मावा’ निघत राहतं आणि सूत्र न लिहिता पोरांना कळतं.

हे वर्षभर करा. रोहिणी-मृगाच्या पहिल्या पावसाला पंखवाली वाळवी उडते. मखमली लाल मृगाचा किडा आठ पायांचा, तो कीटकांत धरायचा नाही. वेगळ्या रकान्यात लिहा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाच्या पानांची अळ्या जाळी करून टाकतात. शेतांवर पिवळसर चतुरांचे थवे दिसतात. त्यांची जात समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाते. नवापूर-अक्राणीकडे पाऊस जास्त, धुळे-शिंदखेडा पर्जन्यछायेत, तोरणमाळ तर हजार मीटरच्या वर. तिकडे कोणी ओळखीचं असेल तर त्याच आठवड्यात त्यांनाही मोजायला सांगा.

रात्रीच्या पतंगांसाठी पांढरं धोतर दोरीवर टांगा, समोर दिवा लावा. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, चांदण्यात पतंग दिव्याकडे कमी येतात. दोन तासांनी दिवा बंद करा. रात्रभर चालू ठेवला तर पहाटे धोतरावर बसलेले पतंग पक्षी टिपून नेतात.