जनावराला सुजेचं औषध चालू आहे? मग आधी कुठलं ते बघा, नि पुढे असं करा

गाय लंगडतेय, कुत्र्याचा पाय सुजलाय, म्हैस व्यायली नि कास टणक झाली. डॉक्टर येतात, इंजेक्शन देतात, संध्याकाळपर्यंत जनावर चारा खायला लागतं आणि आपण विषय सोडून देतो. पण ते इंजेक्शन कुठल्या गटातलं होतं हे माहीत नसेल तर पुढच्या आठवड्यात गडबड होऊ शकते. गट मुळात दोनच. एक स्टिरॉइड नसलेली सूज-दुखीची औषधं, म्हणजे मेलोक्सिकॅम, कारप्रोफेन, टोल्फेनॅमिक ॲसिड वगैरे. दुसरी स्टिरॉइडं, म्हणजे डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, ट्रायमसिनोलोन.

पहिलं काम, रिकामी बाटली किंवा पट्टी फेकू नका, त्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. कंपनीचं मोठ्या अक्षरातलं नाव नाही, त्याखालचं औषधाचं. वाचता नाही आलं तर फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "हे स्टिरॉइड आहे का?" विचारायला लाजायचं काही कारण नाही.

आता ही चालतात कशी. पेशीला इजा झाली की तिच्या आवरणातून ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं द्रव्य सुटतं, त्याच्यावर कॉक्स नावाचं एन्झाइम काम करतं आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, सूज, ताप, ठणका हे सगळं बरंचसं त्यांचंच काम. मेलोक्सिकॅम वगैरे ह्या कॉक्सला अडवतात. स्टिरॉइड त्याच्याही वरच्या टप्प्यावर अडवतं, म्हणजे शेताकडे येणाऱ्या एका चारीचं दार लावण्याऐवजी थेट धरणाचाच दरवाजा खाली केल्यासारखं, त्यामुळे सगळ्याच चाऱ्या आटतात. म्हणून ॲलर्जी, अंगावर उठलेल्या गांधी, शरीर स्वतःवरच उलटलेले आजार अशा ठिकाणी स्टिरॉइड जबरदस्त काम करतं. पण सोबत जंतूंशी लढणारी ताकदही दबते, ताप उतरतो, जनावर तरतरीत दिसतं आणि आत इन्फेक्शन वाढत राहतं. "एका इंजेक्शनात उठली" म्हणून खूश होण्याआधी हे डोक्यात असू द्या.

दुसरं काम डॉक्टर सुई भरायच्या आधीचं. चार गोष्टी आपणहून सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी: गाभण आहे का आणि कितवा महिना, गेल्या आठवडाभरात काय औषध झालंय, उलटी-जुलाब किंवा काळं शेण आहे का, आणि पाणी पितंय का. गाभणचं तर विसरूच नका. पोटातल्या वासराच्या स्वतःच्या शरीरात कॉर्टिसोल, म्हणजे शरीर आपणहून बनवतं ते स्टिरॉइड, वाढलं की गाईला वेणा सुरू होतात, ही नैसर्गिक पद्धत, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाहेरून डेक्सामेथासोन दिलं की गाईच्या शरीराला तोच निरोप जातो. गाय गाभडते, वर वार अडकते. सडात सोडायच्या काही ट्यूबांमध्येही अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइड असतं, तेव्हा ट्यूबचं लेबलही वाचायचं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही गट एकत्र कधीच नाही. प्रोस्टाग्लँडिन नुसता त्रास देत नाहीत, जठराच्या अस्तराची राखण करतात, किडनीचा रक्तपुरवठाही सांभाळतात. दोन्हीकडून ते बंद केले की जठरात अल्सर होतो, कुत्र्यात तर छिद्र पडेपर्यंत जातं. सकाळी एका डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं, संध्याकाळी फरक नाही म्हणून दुसऱ्यांकडे नेलं आणि त्यांनी मेलोक्सिकॅम दिलं, असं नकळत होतं. म्हणून तो फोटो. एकातून दुसऱ्यावर जाताना मधे काही दिवस मोकळे सोडावे लागतात, किती ते डॉक्टर ठरवतील.

चौथं, घरी देताना. पहिल्या गटातली गोळी खाण्यासोबत द्या, पाणी भरपूर ठेवा, कारण अंगातलं पाणी कमी झालेल्या जनावराच्या किडनीवर ही औषधं घाव घालतात. कुत्रा उलट्या करायला लागला, शी डांबरासारखी काळी झाली, खाणं सोडलं तर पुढचा डोस थांबवा आणि फोन करा. आपल्या औषधाच्या डब्यातलं काही देऊ नका बरं का, कुत्र्याला आयबुप्रोफेन नको आणि मांजराला पॅरासिटामॉल तर अजिबातच नको, मांजराचं लिव्हर ते पचवू शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, एका गोळीतही जीव जातो.

स्टिरॉइडचं वेगळं. कुत्र्याला तहान वाढते, घरात लघवी करतो, दिवसभर खायला मागतो, हे अपेक्षित आहे, त्याला रागावू नका. पण बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. बाहेरून औषध येत असलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं, अचानक तोडलं की जनावर गळून पडतं. बरेच दिवस चालू असेल तर डोस हळूहळू उतरवायचा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तक्त्यानेच. आणि डोळा लाल झाला म्हणून जुने उरलेले ड्रॉप्स घालायची सवय सोडा, बुबुळावर जखम असेल आणि त्या ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड असेल तर जखम आणखी खोल जाते.

दूध. लेबलवर किती दिवस दूध वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस डेअरीला घालू नका. त्या औषधाचा काळ ठरलेलाच नसेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दुधाला किमान 7 दिवस आणि मांसाला 28 दिवस धरतात. नुकसान होतं, मान्य आहे, पण ते दूध कुणाचं तरी पोर पिणार असतं.

राहिलं गिधाडांचं. डायक्लोफिनॅक, हेही पहिल्याच गटातलं, दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची किडनी बंद पडते. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात 99 टक्क्यांहून जास्त घटली त्याचं मुख्य कारण हेच निघालं. जनावरांसाठी ते 2006 मध्ये बंद झालं, माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात यायला लागल्या म्हणून 2015 मध्ये त्या 3 मिलीच्या केल्या, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली, मग निमेसुलाइडवर. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड गिधाडांना चालतं. तेव्हा मेडिकलवाल्याने माणसांचं डायक्लोफिनॅक "स्वस्तात पडेल" म्हणून पुढे केलं तर घेऊ नका, मेलोक्सिकॅम मागा. आणि उपचार चालू असताना जनावर दगावलंच, काय दिलं होतं ते नक्की माहीत नसेल, तर माळावर उघडं टाकू नका, खोल खड्डा करून पुरा.