जहाजावरील रेडिओ तपासणीची तयारी कशी करावी

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतून व्यापारी जहाजांवर रुजू होणाऱ्या मुलांनी ही तयारी घरून निघण्यापूर्वीच समजून घ्यावी, कारण संकटात जहाजाचा आवाज किनाऱ्यापर्यंत रेडिओ यंत्रांमुळेच पोहोचतो. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या, ३०० किंवा अधिक सकल टनभाराच्या (हे वजनाचे नव्हे, जहाजाच्या एकूण आकारमानाचे माप) मालवाहू जहाजाचे रेडिओ सुरक्षा प्रमाणपत्र जास्तीत जास्त ५ वर्षांचे असते. मात्र दरवर्षी, ठरलेल्या तारखेच्या ३ महिने आधी वा नंतर, सर्वेक्षक तपासणी करतो.

सर्वाधिक लक्ष बॅटऱ्यांकडे द्यावे. नियमाप्रमाणे आपत्कालीन जनरेटर असेल तर रेडिओची राखीव वीज किमान १ तास, नसेल तर ६ तास पुरली पाहिजे. म्हणून बॅटरी लेड-ॲसिडची असल्यास, ट्रॅक्टरच्या बॅटरीप्रमाणेच, हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधील ॲसिडची घनता मोजावी, टर्मिनलवर साचलेला पांढरट क्षार पुसून काढावा आणि आकडे त्याच दिवशी रेडिओ लॉगबुकात लिहावेत.

४०६ मेगाहर्ट्झच्या आपत्कालीन बीकनची (उपग्रहामार्फत संकटाचा संकेत पाठवणाऱ्या यंत्राची) चाचणी केवळ टेस्ट बटणानेच करावी; खरा संकेत गेल्यास बचाव यंत्रणा विनाकारण धावते. जहाज बुडू लागल्यास ४ मीटर खोलीच्या आतच बीकनला मोकळे करणाऱ्या हायड्रोस्टॅटिक रिलीज युनिटवरील मुदत, जी बहुधा २ वर्षांची असते, स्वतः वाचावी. व्हीएचएफ संचाच्या (जवळच्या अंतरावर बोलण्याच्या रेडिओच्या) रोजच्या अंतर्गत चाचणीची नोंदही लॉगबुकात असावी.