सह्याद्रीतला मुक्कामी ट्रेक: पाणी, तंबू आणि उतरण

सह्याद्री हा पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसलेले. कठीण थराचा कडा झाला, मऊ थर झिजून त्याखाली पदर, म्हणजे सपाटसा टप्पा, झाला. पाणी कुठे टिकतं, वारा कुठे झोडपतो, वाट चुकल्यावर माणूस कुठे अडकतो, हे बरंचसं या रचनेवर ठरतं. खालचा हिशोब नमुन्यादाखल हरिश्चंद्रगडाचा आहे: पायथ्याच्या पाचनई गावाहून चढणारी वाट, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एक रात्र.

वेळेचा हिशोब उलटा मांडा

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तंबू उजेडातच लागला पाहिजे, म्हणजे पाचपर्यंत माथा गाठायचा. पाचनईहून सॅकसकट अडीच-तीन तास लागतात, म्हणून दुपारी दोनच्या आत चालायला लागा. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे येणार असाल तर चार-पाच तास धरा आणि सकाळीच निघा. नळीची वाट म्हणजे कोकणातून खड्या दगडी घळीने वर येणारी वाट; तिचा मुक्कामाचं ओझं घेऊन पहिल्यांदा विचारही करू नये. हा भाग अभयारण्यात येतो. तंबू लावता येईल का, कुठे लावता येईल, हे प्रवेशाची पावती फाडतानाच विचारून घ्या, नियम बदलत असतात.

सॅक

४५-५० लिटरची सॅक पुरते. पाण्यासकट वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर गेलं की उतरताना गुडघे बोलू लागतात. स्लीपिंग बॅग तळाशी. स्टोव्ह, शिधा, पाणी असं जड सामान मध्ये पाठीला चिकटून. जॅकेट आणि टॉर्च वर. कंबरपट्टा कमरेच्या हाडावर आवळा, खांद्याचे पट्टे त्यानंतर. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात सगळं भरा. सॅकचं रेनकव्हर पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही.

दोन वर्षं कपाटात पडलेले बूट थेट ट्रेकला काढू नका. हवेतल्या ओलाव्याने पॉलियुरेथेनचा सोल आतून कुजतो आणि अर्ध्या वाटेत जीभ काढतो. आठवडाभर आधी ते घालून जिने चढा-उतरा. तरीही चार मीटर नायलॉनची दोरी आणि थोडी कापडी चिकटपट्टी जवळ असू द्या.

पाणी

हिवाळ्यात चालताना माणशी तीन लिटर, मार्च-एप्रिलमध्ये चार ते पाच. रात्रीचा स्वयंपाक, चहा आणि सकाळ यासाठी आणखी अडीच लिटर लागतं, ते गडावर भरायचं. कातळात कोरलेल्या टाक्यांपैकी कुठलं टाकं पिण्याचं, हे पाचनईतच विचारा. फेब्रुवारीनंतर काही टाकी तळ गाठतात आणि जुनी माहिती दगा देते. मंदिराजवळच्या पुष्करणीचं पाणी पिऊ नये.

टाक्यातलं पाणी चौपदरी सुती फडक्यातून गाळा, मग खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या. क्लोरीनचे थेंब वापरत असाल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा आणि किमान अर्धा तास थांबा. आधी गाळण्याचं कारण साधं आहे: गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. टाक्यात हात, भांडी, पाय काहीही बुडवू नका. पाणी काढून साठ मीटर लांब जाऊन धुवा. शौचाचं अंतरही तेवढंच, वीतभर खोल खड्ड्यात.

तंबूची जागा

कोकणकडा म्हणजे गडाचा कोकणाकडे सरळ तुटलेला कडा. त्याच्या काठाशी तंबू लावण्याचा मोह आवरा. दिवसा कोकणातली तापलेली हवा कड्यावरून वर चढते, रात्री पठारावरचा वारा बेभान होतो, आणि अंधारात लघवीला उठलेल्या माणसाला काठ दिसत नाही. काठापासून निदान शंभर मीटर आत, उंचवट्याच्या आडोशाला जागा शोधा. कड्याच्या थेट पायथ्याशीही नको. माकडं दगड सोडतात. कोरडी ओढ्याची वाट तर नकोच.

खरी अडचण कातळ. खुंटी दोन बोटंही आत जात नाही. दोरी नुसत्या मोठ्या धोंड्याला गुंडाळली तर ती घासून तुटते किंवा निसटते. त्याऐवजी दोरीच्या टोकाला नारळाएवढा दगड किंवा हातभर काठी बांधा, ती जमिनीवर ठेवा आणि तिच्या पुढ्यात, दोरीवर, जड धोंडा ठेवा. दोरी ताणली की काठी धोंड्याला अडते. ताण वाढेल तशी पकड घट्ट होते. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाकडे. सकाळी दगड पुन्हा विखरून टाका.

रात्री जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा. त्या बंद केल्या की श्वासाची वाफ कापडावर गार होऊन ठिबकते आणि लोक तंबू गळतो म्हणून ओरडतात. गारठा खालून जास्त येतो, म्हणून पैसे आधी चांगल्या मॅटवर खर्च करा, जाड बॅगेवर नंतर.

स्वयंपाक

माणशी ७५ ग्रॅम तांदूळ, ३५ ग्रॅम मूगडाळ, चौपट पाणी. खिचडी पोटाला आणि गॅसलाही परवडते. ब्यूटेनचं डबडं पाच अंशांखाली मलूल होतं, म्हणून ते जॅकेटच्या आत ठेवा. स्टोव्ह तंबूच्या आत कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. असं डबडं रेल्वेत किंवा विमानात नेता येत नाही, ते ट्रेकच्या जवळच्या शहरात घ्या. शनिवार-रविवारी गडावरच्या झोपड्यांत पिठलं-भाकरी मिळते. आडवारी तिच्या भरवशावर जाऊ नये.

शेकोटी पेटवूच नका. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते, आणि धुराने कपारीतलं आग्यामोहोळ उठतं. अत्तर, आरडाओरडा आणि ड्रोनही टाळा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-डोकं झाकून, कड्याचा काठ टाळून लांब पळा. काटे नखाने लगेच खरवडून काढा. ओठ सुजले, धाप लागली की थेट दवाखाना.

साप

मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात. म्हणून उघड्यावर झोपायचं नाही, चेन पूर्ण लावायची, बूट झटकून घालायचे. दंश झाला तर अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय फळी बांधून स्थिर करा आणि माणसाला उचलून न्या; चालवू नका. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांनी नुकसानच होतं. १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेलं जवळचं रुग्णालय विचारा. गडावर रेंज बेभरवशाची, म्हणून परतीची वेळ गावात आणि घरी सांगून ठेवा.

उतरताना

बहुतेक पाय इथे मुरगळतात. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाका. माणसं एकाखाली एक येऊ देऊ नका. वरच्याचा दगड खालच्याच्या डोक्यात बसतो. वाळक्या गवतावरूनही पाय सरकतो. आधाराला कारवीचं झुडूप धरायचं तर मुळाशी, चार-पाच काठ्या एकत्र. शेंड्याला धरली की ती हातात येते.

वाट हरवली तर पाण्याच्या नाळेने खाली जाऊ नका. वरून सोपी दिसणारी नाळ पुढच्या थरावर कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी संपते. खाली उडी नाही आणि मागे चढाई नाही, असं होतं. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत या. तीही सापडेना तर पदर धरून आडवे चला, ढोरवाटा बहुतेक पदरातूनच जातात. अंधार पडला की बसा. शिट्टी मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. मदतीच्या पथकाचं उत्तर तीन शिट्ट्यांनी येतं.