जवळच्यांचे नंबर पुन्हा पाठ होण्यासाठी

मोबाइलमधील नावावर बोट ठेवले की फोन लागतो, त्यामुळे घरच्या माणसाचा नंबरही तोंडपाठ राहत नाही, आणि बॅटरी संपल्यावर दुसऱ्याचा फोन हातात घेऊन आपण नुसतेच आठवत उभे राहतो. यावर उपाय म्हणून अगदी निवडक दोन-तीन नंबर काही दिवस कीपॅडवरूनच लावावेत. आधी आकडे तीन-तीन, चार-चारच्या गटांत मनाशी म्हणावेत, मग यादी न उघडता दाबावेत आणि अडल्यासच यादी पाहावी. पहिले काही आकडे दाबताच स्क्रीनवर नाव सुचवले जाते (खरी मेख इथेच आहे), तेव्हा त्या नावाला हात न लावता शेवटचा आकडाही स्वतःच दाबावा. मात्र पाठ झाला म्हणून साठवलेला नंबर पुसून टाकू नये.