गाडीतला सबवूफर वाजेनासा झाला? दोष कुठे आहे ते असं शोधा

डिकीतला बास अचानक गेला की पहिला संशय वूफरवर येतो, दुसरा अँप्लिफायरवर. दोन्ही वस्तू महागड्या, म्हणूनच त्या सगळ्यात शेवटी तपासायच्या. उडालेला फ्यूज, सैल झालेली अर्थिंग, निघालेली पिन ही कारणं आधी निकालात काढा. नाहीतर नवा वूफर बसवूनही आवाज येत नाही आणि दोष तिथल्या तिथेच राहतो. कामाला लागण्याआधी एक साधा डिजिटल मल्टीमीटर मात्र हवाच. त्याच्याशिवाय सगळा मामला अंदाजपंचे.

आधी अँपचा दिवा बघा

स्टिरिओ चालू करा आणि अँपजवळ जा. दिवा लागलेलाच नाही, नेहमीसारखा लागलाय पण आवाज नाही, की लाल होऊन ‘प्रोटेक्ट’ (म्हणजे अँपने स्वतःला वाचवण्यासाठी आवाज बंद केलाय) दाखवतोय? या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

दिवाच नाही

अँपवर जाड वायरचे दोन टर्मिनल असतात, बी प्लस (बॅटरीच्या प्लसकडून येणारी वायर) आणि ग्राउंड (गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर, म्हणजेच अर्थिंग). शेजारी बारीक वायरचा ‘रिमोट’ टर्मिनल असतो, स्टिरिओ चालू झाला की तो अँपला चालू करतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बी प्लस आणि ग्राउंडमध्ये मोजा. इंजिन बंद असताना साधारण 12.6 आणि चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत.

शून्य आलं तर बॅटरीजवळच्या मुख्य फ्यूजकडे चला. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून समाधान मानू नका. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल प्रोब फ्यूजच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने टेकवा. एका बाजूला 12 आणि दुसऱ्या बाजूला शून्य म्हणजे फ्यूज गेला. नवा तितक्याच अँपिअरचा घाला. जास्तीचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही लावू नका, कारण मग फ्यूजऐवजी केबल जळते आणि गाडीला आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा आणि केबलचा पूर्ण मार्ग तपासा. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून ती जिथे आत येते, तिथे घासून सोललेली असण्याची शक्यता मोठी.

बी प्लसला व्होल्टेज आहे, पण अँप उठत नाही? मग रिमोट बघा. स्टिरिओ चालू असताना तिथे 12 व्होल्टच्या आसपास यायला हवं. नसेल तर वायरचा छोटा तुकडा घेऊन बी प्लस आणि रिमोट क्षणभर जोडा. ग्राउंडला चुकूनही टेकू देऊ नका. अँप चालू झाला तर तो शाबूत आहे, दोष रिमोटच्या वायरमध्ये किंवा स्टिरिओत आहे. हा तुकडा तसाच ठेवून मात्र देऊ नका, अँप रात्रभर चालू राहून बॅटरी उतरेल.

अर्थिंग: इथे सावकाश जा

माझ्या मते सगळ्यात जास्त फसवतं ते हेच. अर्थिंगच्या वायरचा एखादाच धागा टेकलेला असला तरी मीटर शांतपणे 12 व्होल्ट दाखवतो, कारण त्या वेळी करंट जवळजवळ वाहतच नसतो. बास आला, करंट वाढला, की तिथेच व्होल्टेज गळतं. अँप बंद-चालू होतो, बासच्या ठोक्यासरशी दिवा मिचकतो.

म्हणून मोजायचं ते गाणं वाजत असताना. प्रोबला लांब वायर जोडा. एक टोक अँपच्या ग्राउंडला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि भरपूर बासचं गाणं लावा. 0.1–0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसलं, तर अर्थिंग नव्याने करा. बोल्ट खोला, थिंबलखालचा (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा) रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, मग घट्ट आवळा. वायर बी प्लसइतकीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. तो जीव वाचवण्यासाठी आहे.

लाल दिवा

अँप बंद करून आरसीए केबल (स्टिरिओकडून अँपला गाण्याचा सिग्नल आणणारी) आणि स्पीकरच्या वायरी दोन्ही काढा, मग पुन्हा चालू करा. आता वीज आणि रिमोटशिवाय त्याला काहीच जोडलेलं नाही. तरीही लाल असेल, तर बिघाड अँपच्या आत आहे. बहुधा आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळालेले असतात, आणि ते काम जाणकार कारागिराचं. लाल गेला, तर अँप बंद करत एकेक वायर परत जोडा. जी जोडल्यावर लाल परततो, दोष तिच्या बाजूला.

थोडा वेळ वाजून मग लाल होत असेल तर उष्णता तपासा. अँप कार्पेटखाली कोंडलेला असतो किंवा त्याच्यावर भार जास्त पडतो. वूफरच्या आतल्या 4 ओहमच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी) समांतर जोडल्या की 2 ओहम होतात, एकामागे एक जोडल्या की 8. तुमचा अँप ब्रिज जोडणीत (दोन चॅनेल एकत्र करून एकच वूफर चालवताना) किमान 4 ओहमच झेपवत असेल, तर 2 ओहमवर तो तापणारच.

दिवा ठीक, आवाज नाही

स्टिरिओच्या सेटिंगमध्ये सबवूफर बंद पडलाय का ते बघून घ्या. मग अँपवरचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) कमी करा, अँप बंद करा, दुसऱ्या आरसीए केबलने थेट मोबाइल जोडा आणि अँप पुन्हा चालू करून बघा. वाजलं तर दोष जुन्या केबलमध्ये किंवा स्टिरिओत.

नाही वाजलं, तर आता वूफरची पाळी. वायरी काढून कॉइलचा रोध मोजा. 4 ओहमची कॉइल मीटरवर साधारण 3 ते 3.8 दाखवते. ‘ओएल’ म्हणजे कॉइल तुटली, शून्याच्या जवळ म्हणजे शॉर्ट. दोन कॉइलचा वूफर असेल तर मधले जोड सोडवून दोन्ही वेगवेगळ्या मोजा. नंतर दोन्ही हातांची बोटं वूफरच्या कोनावर (पुढेमागे हलणाऱ्या पडद्यावर) समोरासमोर ठेवून हलकेच, सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल चुंबकाला घासतेय. जळका वास आला तर वूफर गेलाच समजा.

आणखी एक सोपी चाचणी आहे. 1.5 व्होल्टचा सेल वूफरच्या टर्मिनलना क्षणभर टेकवा. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर उडी मारतो. डिकीत दोन वूफर असतील आणि एक बाहेर, एक आत जात असेल, तर एकाच्या वायरी उलट्या आहेत. दोघे वाजतात, पण बास एकमेकांना खाऊन टाकतो.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी किणकिण

हा आवाज बहुतेक वेळा खराब अर्थिंगमुळे किंवा आरसीए केबल पॉवर केबलला चिकटून गेल्यामुळे येतो. दोन्ही केबल गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या.

कॉइल जळली असेल तर

नवा वूफर लावण्याआधी गेन पुन्हा बसवा, नाहीतर तोही जळेल. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओच्या आउटपुटशी अँपची सांगड घालण्यासाठी तो आहे. बास बूस्ट शून्यावर, लो पास फिल्टर (फक्त खालचे, जाड स्वर पुढे सोडणारी सेटिंग) 80 हर्ट्झच्या आसपास आणि गेन अगदी कमी ठेवा. स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत न्या, मग गेन हळूहळू वाढवा. बास फाटायला लागला की तिथून थोडा मागे घ्या आणि तिथेच सोडा.